फुगा कधी फुटणार ते राहू द्या, लेकीची फी कधी भरायचीय ते सांगा

पत्र थोडक्यात असं. वाचक ताई 46 वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात, विनाअनुदानित शाळेत शिकवतात, मिस्टरांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर डिमॅट उघडलं. तेव्हापासून पगारातले, भिशीचे, माहेरून आलेले असे 19 लाख आणि वर म्युच्युअल फंड तारण ठेवून साडेदहा टक्क्यांनी काढलेले 5 लाख, एकूण 24 लाख बाजारात घातले, त्याचे आज 38 लाख दिसतायत. 19 लाख दोन स्मॉलकॅप (लहान कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या) फंडांत, 12 लाख स्वतः निवडलेल्या शेअर्समध्ये (रेल्वे, डिफेन्स, सोलर), 2 लाख एसएमई आयपीओंत (अगदी छोट्या कंपन्यांच्या पहिल्या शेअरविक्रीत) लागलेल्या शेअर्समध्ये, 5 लाख एका फ्लेक्सीकॅप (लहान-मोठ्या सगळ्या कंपन्या घेणाऱ्या) फंडात. शिवाय गावच्या पतसंस्थेत 4 लाखांची ठेव. मुलगी अकरावीत, दोन वर्षांनी इंजिनिअरिंग, चार वर्षांचे मिळून 12 लाख धरलेत. पुण्याचे दीर रोज 'महाक्रॅश येतोय'चे व्हिडिओ पाठवतात आणि म्हणतात, वहिनी, सगळं विकून मोकळ्या व्हा. शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात, लाँग टर्म आहे, पडलं तर अजून घे. ताई विचारतात: हा बबल आहे का, कधी फुटेल, आणि आत्ता सगळं विकून पतसंस्थेत साडेनऊ टक्क्यांनी ठेवावं आणि बाजार पडला की परत घ्यावं, हे बरोबर आहे का?

ताई,

सगळे आकडे कर्जासकट लिहून पाठवलेत त्याबद्दल आधी थँक्यू, कारण बहुतेक पत्रांत नफा असतो आणि कर्ज नसतं. तुमच्या पत्रात ते शेवटून दुसऱ्या ओळीत, कंसात, असं जाता जाता आलंय. मला विचाराल तर सगळ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, त्यावर येतेच, पण आधी तुमचा प्रश्न.

बबल आहे का? स्मॉलकॅपच्या, विशेषतः एसएमई आयपीओंच्या काही भागात गेल्या काही वर्षांत जे चाललं त्याला दुसरं नाव द्यायला मला तरी जमत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीतल्या दोन बाईक शोरूम चालवणाऱ्या, आठ माणसं कामाला असलेल्या एका कंपनीने 12 कोटींचा आयपीओ आणला आणि त्याला सुमारे 4,800 कोटींचे अर्ज आले. आता हे अर्ज करणाऱ्या किती जणांनी त्या शोरूमचा ताळेबंद बघितला असेल? लिस्टिंगला विकून मोकळं व्हायचं एवढाच हिशोब. तुमचे एसएमईचे 2 लाख पण तसेच आलेत ना, 'लागला तर लागला' म्हणून टाकलेला अर्ज?

पण बबल आहे असं मी म्हटलं तरी त्यातून 'म्हणून लगेच फुटणार' हे निघत नाही, आणि तुमचे दीर नेमकी इथे गल्लत करतायत. अमेरिकेत ॲलन ग्रीनस्पॅन, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेचे प्रमुख, त्यांनी डिसेंबर 1996 मध्येच बाजाराच्या अतिउत्साहाबद्दल जाहीर शंका काढली होती, तेव्हा नॅसडॅक, म्हणजे तिकडचा टेक कंपन्यांचा भर असलेला निर्देशांक, 1,300 च्या आसपास होता. तो फुटला मार्च 2000 मध्ये, 5,000 च्या वर जाऊन. मग ऑक्टोबर 2002 पर्यंत आला 1,100 च्या घरात, म्हणजे शंका शेवटी खरीच ठरली, पण ज्याने 1996 ला सगळं विकलं त्याने सव्वातीन वर्षं शेजारीपाजारी श्रीमंत होताना बघितले, आणि अशी माणसं बहुतेक वेळा अगदी शेवटी कंटाळून परत आत शिरतात, शिखराला.

एवढं लांब जायला नको, आपल्याकडचंच बघा. मार्च 2024 मध्ये सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, तेव्हाच्या अध्यक्ष माधबी पुरी बुच म्हणाल्या की स्मॉल आणि मिडकॅपमध्ये फेस दिसतोय, काही लोक त्याला बबल म्हणतात. स्मॉलकॅप दोन-चार दिवस धडाधड पडले, सगळ्यांना वाटलं झालं, आलं. पुढे सप्टेंबरपर्यंत ते चढतच राहिले. मग पडायला लागले आणि फेब्रुवारी-मार्च 2025 मध्ये फिरून जवळपास मार्च 2024 च्या पातळीवर येऊन टेकले. आता मला सांगा, यात बुच बाई बरोबर होत्या की चूक? मधल्या सहा महिन्यांत तुम्ही त्यांना हसला असतात, पुढच्या सहा महिन्यांत हात जोडले असते.

काही जण म्हणतात पीई बघा (म्हणजे भाव वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा), पीई कळवतो. कळवतो, पण थोडाच. 2000 आणि 2008, दोन्ही शिखरांना निफ्टीचा पीई 28 च्या आसपास होता, त्यामुळे '28 ला पळा' हा नियम खूप जणांच्या डोक्यात पक्का बसला. आणि 2021 च्या सुरुवातीला तोच पीई 40 च्या वर गेला! का, तर कोविडच्या वर्षात कंपन्यांचा नफाच आटला होता, आणि त्यात एनएसई (निफ्टी काढणारा शेअर बाजार) तेव्हा फक्त मूळ कंपनीचा नफा धरत होती, उपकंपन्यांचा धरून काढायला लागली मार्च 2021 अखेर. त्या आकड्याला घाबरून ज्यांनी विकलं ते पुढची सगळी तेजी बाहेरून बघत बसले. म्हणून 'कधी फुटेल' याचं उत्तर मी देणार नाही, आणि जो ठाम तारीख सांगतो त्याचा व्हिडिओ तुम्ही निम्म्यात बंद केलात तरी काही बिघडत नाही.

आता मैत्रिणींकडे वळू, कारण त्यांची पण एक चूक होतेय आणि ती दिरांच्या चुकीपेक्षा महाग पडू शकते.

तुम्ही सगळ्या 2020 नंतर आलात. मार्च 2020 मध्ये देशात डिमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती, 2025 मध्ये वीस कोटींच्या वर गेली, म्हणजे आज बाजारात असलेल्या पाचातल्या चार खात्यांनी पाहिलेली पडझड म्हणजे काय, तर 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंक पडला ती (तीही बहुतेकांनी ऐकलेलीच), मग 4 जून 2024 निकालाच्या दिवशी 4,389 पडला ती, आणि सप्टेंबर 2024 नंतरचे ते रखडलेले पाच-सहा महिने. कोविडची पडझड नोव्हेंबर 2020 पर्यंत भरून निघाली, निकालाच्या दिवशीची तर त्याच आठवड्यात. त्यामुळे 'पडलं की घ्यायचं, दिवाळीपर्यंत वर' हा धडा तुमच्या अंगवळणी पडलाय. त्या वर्षांपुरता तो खराच होता हो, पण बाजार नेहमी एवढा दयाळू नसतो.

2008 चं ऐका. जानेवारीत सेन्सेक्स 21,000 ला, मार्च 2009 मध्ये 8,200 च्या खाली, आणि 21,000 च्या वर नीट पाय रोवायला 2013 उजाडलं. ही झाली मोठ्या कंपन्यांची गोष्ट. बीएसई स्मॉलकॅप इंडेक्स, म्हणजे तुमचा जिथे जास्त पैसा आहे तो वर्ग, 14,200 वरून 3,000 च्याही खाली गेला, 80 टक्के साफ, आणि जानेवारी 2008 चं शिखर परत दिसलं 2017 मध्ये. नऊ वर्षं. तुमची मुलगी अकरावीतून थेट नोकरीत तीन-चार वर्षं मुरलेली, एवढा काळ. आणि 2018 ते मार्च 2020 मध्ये निफ्टी स्मॉलकॅप 100 परत दोन तृतीयांश पडला, ते तर कुठल्या जागतिक संकटाने सुरूही झालं नव्हतं, कोविड आला शेवटी. हळूहळू, कुणी ब्रेकिंग न्यूज न करता दोन वर्षं पडत होता. 'पडलं की घे' म्हणणाऱ्यांचे पैसे पहिल्या सहा महिन्यांतच संपले.

जपान तर सोडूनच द्या, 1989 च्या डिसेंबरातलं निक्केईचं, म्हणजे तिथल्या निर्देशांकाचं, शिखर परत आलं फेब्रुवारी 2024 मध्ये. लाँग टर्म म्हणजे किती, हे मैत्रिणींना एकदा विचारून बघा.

आणि 'पण रेल्वेला, डिफेन्सला ऑर्डरी खरंच आहेत की' हे जे तुम्ही लिहिलंय, ते मला मान्य आहे. अडचण तिथेच आहे. बबलच्या पोटात बहुतेक वेळा खरी गोष्ट असते, नुसत्या थापेवर एवढा पैसा जमत नाही. आपल्या मुंबईचा पहिला मोठा बबल 1860 च्या दशकातला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, सगळी मागणी मुंबईकडे वळली, शहरात पैशाचा पूर आला. तो पैसा नव्या बँकांमध्ये आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांमध्ये गेला, प्रेमचंद रायचंद हे त्या खेळातले सगळ्यात मोठे नाव. बॅक बे रिक्लमेशन कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या आसपास बोलला जात होता. 1865 च्या वसंतात युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि 1 जुलै 1865 ला वायद्याचे सौदे पुरे करायची तारीख आली तेव्हा देणी देऊ शकणारे शोधावे लागत होते. बँक ऑफ बॉम्बे पण त्यात गेली.

आता गंमत बघा, मुंबईला जमीन लागणार ही गोष्ट शंभर टक्के खरी होती! बॅक बेची भरणी पुढे झालीच, आज मरीन ड्राईव्हला लोक फिरायला जातात. पण साठ-सत्तर वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या पैशाने. तुमचा सोलरवाला शेअर पुढच्या वीस वर्षांच्या सगळ्या ऑर्डरी आजच्या भावात धरून बसला असेल, तर देशभर छपरांवर पॅनल लागतील आणि तरी तुम्हाला तोटा होईल, दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

मग दीर बरोबर, विकून टाकू? थांबा. 'सगळं विकेन आणि पडलं की परत घेईन' यात दोन निर्णय आहेत आणि दुसरा जास्त अवघड. सगळ्यात स्वस्त भाव त्या दिवशी मिळतो ज्या दिवशी बातम्या सगळ्यात भयानक असतात. मार्च 2020 मध्ये गाड्या बंद, शाळा बंद, रोज आकडे येतायत, त्या आठवड्यात तुम्ही 30 लाख परत बाजारात टाकले असतेत का? तुमच्या मिस्टरांनी टाकू दिले असते का? मला नाही वाटत. आणि मुळात पडला म्हणजे किती पडल्यावर घ्यायचं, 15, 30, 50? हे आज लिहून ठेवलेलं नसेल तर 15 वर वाटतं अजून पडेल, 30 वर वाटतं संपलंच सगळं, आणि परत वर आला की वाटतं आता महाग झाला.

शिवाय टॅक्स. 24 चे 38 म्हणजे 14 लाख नफा. सगळा एक वर्षाच्या वरचा धरला तरी एकाच वर्षात विकलंत तर 1.25 लाख सोडून उरलेल्यावर 12.5 टक्के आणि सेस, मिळून साधारण 1 लाख 66 हजार. जे वर्षाच्या आतलं आहे त्याच्या नफ्यावर 20 टक्के, आणि फंडांना बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आत एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याचा आकार. एसआयपीचा प्रत्येक हप्ता स्वतःचं वर्ष मोजतो हे विसरू नका, 2021 ला सुरू केलेल्या एसआयपीचा मागच्या महिन्यातला हप्ता हा मागच्या महिन्यातलाच असतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुम्ही ज्याला सेफ म्हणताय ती पतसंस्था. ताई, बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतची ठेव डीआयसीजीसीच्या (ठेव विमा महामंडळाच्या) विम्यात असते, सहकारी बँकेची सुद्धा. पतसंस्थेला हा विमा नाही. ती सहकार खात्याकडे नोंदवलेली संस्था आहे, बँक नाही, बोर्डावर कितीही ओळखीची माणसं असोत. 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून 1,000 रुपयांच्या वर काढता येत नव्हते, आणि ती तर बँक होती. तुमची पतसंस्था वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, मला ती माहीतही नाही. पण बाजाराला घाबरून 38 लाख काढायचे आणि विमा नसलेल्या एकाच ठिकाणी साडेनऊ टक्क्यांच्या मोहाने ठेवायचे, याला मी धोका कमी करणं म्हणणार नाही. त्या संस्थेने कर्जं गावातल्या व्यापाऱ्यांना आणि बिल्डरांनाच दिलेली असणार, मंदी आली की ते पण त्याच वेळी अडकतात.

(मिस्टर म्हणतात सोनं घ्या. थोडं असू द्या की. पण 2012-13 च्या भावाने घेतलेलं सोनं आपल्याकडे 2019 पर्यंत तिथल्या तिथेच होतं, एवढं त्यांच्या कानावर घाला.)

आता कागद घ्या. तुमच्या पोर्टफोलिओला आपणच पाडून बघू. 2008 सारखे 80 टक्के नको, 60 च टक्के धरू, म्हणजे दोन्ही मोठ्या पडझडींपेक्षा कमीच. स्मॉलकॅप फंड 19 चे 7.6. शेअर्स 12 चे 4.8. एसएमईचे 2 चे अर्धा लाख म्हणा, तेही गिऱ्हाईक मिळालं तर, कारण लोअर सर्किट (दिवसभरात भाव जास्तीत जास्त पडू शकतो ती मर्यादा) लागलं की दिवसच्या दिवस खरेदीला कुणी नसतं आणि एसएमईचे शेअर सुटे विकता पण येत नाहीत, लॉटनेच जातात. फ्लेक्सीकॅप 40 टक्के पडला, 5 चे 3. बेरीज 15.9 लाख. त्यातून कर्ज 5 वजा, उरले 10.9. आणि मुलीचे लागणार 12.

हा आकडा बघून पोटात गोळा आला ना? माझ्या पण आला. फरक एवढाच की हा कागदावर आलाय, अजून वेळ आहे.

आणि यातही मी कर्जाला सोपं सोडलंय. तुमचे 10 लाखांचे युनिट तारण आहेत आणि त्यावर निम्मे, म्हणजे 5 लाख मिळालेत. बाजार 40 टक्के पडला की ते 10 चे होतात 6, त्यावर बँक देणार निम्मे, 3. वरचे 2 लाख काही दिवसांत भरा नाहीतर आम्ही युनिट विकतो, असा मेसेज येणार. म्हणजे ज्या दिवशी अजिबात विकू नये त्या दिवशी तुमचं तुम्हाला न विचारता विकलं जाणार, आणि त्याच महिन्यात शाळेचा पगार लांबलेला आणि दुकानाची उधारी थकलेली असणार, कारण मंदी एकेकाकडे वेगळी येत नाही. 1865 ला सौद्यांची तारीख आली तेव्हा हेच झालं, 2008 ला आयपीओ फायनान्सिंग घेतलेल्यांचं हेच झालं. रिलायन्स पॉवरचा आयपीओ आठवतो का, 450 रुपये भाव, सत्तरेक पट भरला, एकही वीज प्रकल्प सुरू नसलेली कंपनी, लोकांनी व्याजाने पैसे काढून अर्ज केले. फेब्रुवारी 2008 मध्ये लिस्ट झाला आणि पहिल्याच दिवशी 372 वर बंद. स्वतःचे पैसे असलेले रडत का होईना बसून राहिले, व्याजाचे असलेल्यांना बसायची सोय नव्हती.

म्हणून माझं उत्तर असं आहे की तुम्ही विका, पण सगळं नाही, आणि बाजाराकडे बघून नाही. घराच्या तारखा बघून विका.

पहिलं कर्ज. याच महिन्यात. एसएमईचे 2 लाख जेवढे येतील तेवढे, आणि 3 लाख शेअर्समधून, तेही हातातल्या 14 कंपन्यांपैकी ज्या तुम्ही का घेतल्या हे एका वाक्यात मिस्टरांना सांगता येत नाही त्या आधी. 'ग्रुपवर आला होता' हे वाक्य धरायचं नाही. राहिलेल्यांचं प्रमोटरने (मूळ मालकाने) किती शेअर गहाण टाकलेत, कंपनीवर कर्ज किती, आणि नफा दाखवतात तो रोख स्वरूपात येतोय का, एवढं तरी बघा. साडेदहा टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे साडेदहा टक्के पक्के मिळणं, आजच्या तारखेला असा पक्का परतावा तुम्हाला कोण देतंय?

दुसरं, मुलीची फी. 12 लाख एकदम लागत नाहीत, पण ॲडमिशन, पहिली दोन वर्षं आणि हॉस्टेल मिळून 7 लाख धरा. ते दोन वर्षांच्या आत लागायला सुरुवात होणार, आणि दोन वर्षांच्या आतला पैसा शेअर बाजारात नसावा, बाजार स्वस्त असो नाहीतर महाग. स्मॉलकॅप फंडातून काढा आणि दोन वेगळ्या बँकांत एफडी करा, प्रत्येकी 5 लाखांच्या आत. ही रक्कम काढल्यावर बाजार 30 टक्के वर गेला तर दीर किंवा मैत्रिणी, कुणीतरी टोमणा मारणारच. मारू दे. उरलेले 5 लाख तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे, ते दर वर्षी एकेक वर्षाचे काढत जा.

ही कर्जाची आणि फीची मिळून 12 लाखांची विक्री, त्यात नफ्याचा भाग सरासरीने साडेचार लाखांच्या आत येईल, टॅक्स चाळीस हजारांच्या आसपास. थोडं 31 मार्चच्या आधी आणि थोडं एप्रिलमध्ये केलंत तर 1.25 लाखांची सूट दोनदा मिळते आणि टॅक्स आणखी खाली येतो. पण टॅक्स वाचवायला कर्ज मात्र लांबवू नका.

तिसरं, पतसंस्थेतली ठेव मुदत संपली की बँकेत हलवा, हे 4 लाख तुमचा अडीअडचणीचा निधी. विनाअनुदानितचा पगार आणि दुकानाचा गल्ला, दोन्ही बेभरवशाचे, तुम्हाला सहा महिन्यांचा खर्च हाताशी पाहिजेच. मेडिक्लेम तुम्ही पत्रात कुठेच लिहिला नाहीये, नसेल तर या सगळ्याच्या आधी तो काढा.

आता उरले 26 लाख: स्मॉलकॅप 12, शेअर्स 9, फ्लेक्सी 5. यातले मुलीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे 5 लाख सोडले तर बाकीचे पुढची पाच-सात वर्षं लागणार नाहीत असं धरू. इथेही आज निम्म्याच्या खूप वर छोट्या कंपन्या आहेत, ते मला जास्त वाटतं. वर्षभरात, तीन-चार टप्प्यांत, स्मॉलकॅप 8 वर आणि शेअर्स 5 वर आणा, आणि ते 8 लाख साध्या निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टीतल्याच कंपन्या घेणाऱ्या) किंवा तुमच्याच फ्लेक्सीकॅपमध्ये जाऊ द्या. टप्पे तारखेने ठरवा, महिन्याची 10 तारीख म्हणजे 10 तारीख, त्या दिवशी टीव्हीवर काय चाललंय ते बघायचं नाही. स्मॉलकॅप फंडांची एक गोष्ट सांगते, मार्च 2024 पासून फंड कंपन्या स्ट्रेस टेस्ट जाहीर करतात, पोर्टफोलिओतला निम्मा माल विकायला किती दिवस लागतील ते त्यात असतं. काही मोठ्या स्मॉलकॅप फंडांना महिना-दोन महिने लागतील असं त्यांनीच सांगितलंय. तुमच्या दोन फंडांचे आकडे त्यांच्या साईटवर काढून बघा, एकाचे फार असतील तर कमी करायला आधी तोच घ्या.

परत तोच कागद, तशीच पडझड. 8 चे 3.2, 5 चे 2, 13 चे 7.8, बेरीज 13 लाख. पण कर्ज शून्य, मुलीचे 7 जागेवर, बँकेत 4. एकूण 24. आधीच्या मांडणीत त्याच पडझडीत पतसंस्थेचे 4 धरून पण 15 च उरत होते. बाजार तेवढाच पडला, फक्त तुम्हाला तळाला विकायची वेळ आली नाही. टॅक्सचे चाळीस हजार यात धरले नाहीत, ते धरा. आणि हो, बाजार पडलाच नाही, उलट दुप्पट झाला, तर या मांडणीत तुम्ही कमी कमवाल. ते मी लपवत नाही.

एसआयपी बंद करू नका. पडझडीत एसआयपीचाच फायदा असतो आणि लोक नेमकी तीच बंद करतात. फक्त नवा हप्ता स्मॉलकॅपऐवजी इंडेक्सला वळवा. आणि पडल्यावर जास्तीचं घ्यायचंच असेल तर आज लिहून ठेवा: निफ्टी शिखरापासून 20 टक्के पडला तर अमुक, 35 टक्के पडला तर तमुक, पैसे फक्त पगारातून उरलेले, अडीअडचणीच्या निधीला हात नाही, कर्ज तर नाहीच नाही. खाली दोघांच्या सह्या. मिस्टरांची सही मी मुद्दाम सांगतेय, कारण पत्रावरून वाटलं की घरातल्या सगळ्यात मोठ्या रकमेबद्दल त्यांना फारसं माहीत नाही. नॉमिनी, फोलिओ नंबर, डिमॅट कुठे आहे, हे त्यांना ठाऊक पाहिजे.

टेलिग्रामवरच्या एका सरांचा 'हेजिंग' कोर्स करू का, असंही तुम्ही विचारलंय, म्हणजे पुट (ठरलेल्या भावाने विकायचा विकत घेतलेला हक्क) घेऊन पोर्टफोलिओ वाचवायचा. नको. सेबीनेच 2024 मध्ये सांगितलं की 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायद्यात उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले, एकूण 1.8 लाख कोटींच्या वर. पुट काय असतो ते कळणं वेगळं, दर महिन्याला त्याचा प्रीमियम भरत राहणं वेगळं. सल्ला हवाच असेल तर सेबीकडे नोंदवलेला, फी घेणारा सल्लागार बघा, त्यांचा नंबर आयएनए ने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने, आणि तो सेबीच्या साईटवर तपासता येतो. सरांना नंबर विचारा. बघा काय म्हणतात ते.

तुमच्यासारखी पत्रं बरीच येतात, रक्कम कमी-जास्त, पण चित्र तेच, म्हणून इतरांसाठी पण: तुमच्याकडे कर्जाचा पैसा बाजारात नसेल आणि तीन-चार वर्षांत लागणारी कुठली मोठी रक्कम तिथे नसेल, तर बबलच्या बातम्यांवर तुम्ही काही न करणं पण चालेल. पंचविशीतला मुलगा महिना 5,000 ची इंडेक्स एसआयपी करतोय, त्याच्यासाठी पडझड ही अडचण नाहीच. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेल्यांनी मात्र ताईंसारखा कागद आजच मांडावा, आणि पहिल्या चार-पाच वर्षांचा घरखर्च बाजारातून बाहेर काढून ठेवावा.

दिरांना काय सांगू असं विचारलंयत. सांगा, भाऊजी, 12 लाखांचं विकतेय, बाकीचं हळूहळू हलवतेय, तुमचं निम्मं ऐकलं. मैत्रिणींना सांगायलाच पाहिजे असं नाही, पण त्यातल्या कुणी फंड तारण ठेवून कर्ज काढलं असेल तर तिला वरचा 40 टक्क्यांचा हिशोब जरूर दाखवा.

आणि कर्ज फेडल्यावर एक करा. लीन (युनिटवरचा तारणाचा हक्क) आपोआप निघेल म्हणून बसू नका, बँकेच्या ॲपवर रिलीजची रिक्वेस्ट टाका, आणि आठवड्याभराने कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडून स्टेटमेंट मागवून युनिट मोकळे झालेत का ते बघा. मुलीचे 7 लाख तारणातल्या स्मॉलकॅप युनिटांतून काढायचे असतील तर ते मोकळे लागतील.